सहा आठवडे डाळ-भात

परवा ऑफिसमध्ये आमच्या टीममधला एक पोरगा लॅपटॉप घेऊन माझ्या डेस्कपाशी आला. "सर, तुम्ही नेपाळला व्हॉलंटियरिंग केलं होतंत ना? हे जरा बघा ना." स्क्रीनवर एक चकचकीत वेबसाईट. मागे बर्फाचे डोंगर, पुढे हसणारी शेंबडी पोरं आणि त्यांच्या मधोमध एक गोरी मुलगी. खाली लाल बटण : 'आजच जागा राखून ठेवा.' चार आठवड्यांची फी माझ्या पहिल्या नोकरीच्या तीन पगारांएवढी! मी काही बोलणार तेवढ्यात मीटिंगची वेळ झाली आणि विषय राहिला. तर म्हटलं आज शनिवार आहे, निवांत लिहूनच काढू. त्यालाही उपयोग, तुम्हालाही.

त्याचं झालं असं, की २०१८ च्या ऑक्टोबरात मी एक नोकरी सोडली आणि दुसरी जानेवारीत सुरू होणार होती. मधे दोन महिने मोकळे. घरच्यांच्या मते हा काळ स्थळं बघायला उत्तम होता. :-) मला मात्र 'काहीतरी अर्थपूर्ण' करायचं होतं. (आयटीत सात-आठ वर्षं झाली की हा आजार सगळ्यांनाच होतो.) मग एका संस्थेमार्फत नेपाळमधल्या गोरखा जिल्ह्यातल्या एका गावी सहा आठवडे शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं ठरलं. राहणं-जेवण गावातल्या एका कुटुंबात. फी पंचावन्न हजार रुपये. भरली.

गोरखा का, तर भूकंप. २५ एप्रिल २०१५ चा तो ७.८ तीव्रतेचा भूकंप याच जिल्ह्यात, बारपाकजवळ झाला होता. जवळपास नऊ हजार माणसं गेली. मी तेव्हा एका मदतनिधीला ऑनलाईन हजार रुपये पाठवून मोकळा झालो होतो, आणि ते कुठेतरी मनात राहिलं होतं.

काठमांडूहून त्रिशूली नदीच्या कडेकडेने मुगलिंग, तिथून आबूखैरेनीला वळून गोरखा बाजार. पुढे दोन तास जीप. जीपमध्ये अठरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक मी. संध्याकाळी उतरलो तेव्हा कंबरेचे तुकडे झाले होते. समोर गणेश हिमाल आणि मनास्लूच्या बाजूची शिखरं गुलाबी झालेली, पण ते बघायचीसुद्धा ताकद नव्हती. एक साठीचे गृहस्थ पुढे आले, माझी सॅक हातातून काढून घेतली आणि म्हणाले,

"चला साहेब. हात-पाय धुऊन घ्या, चहा ठेवलाय."

मराठीत!

मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. ते हसले. "पुण्यात होतो ना. कोथरूडला. एकोणीस वर्षं."

तर हे आमचे यजमान. मी त्यांना 'बा' म्हणायचो, त्यांच्या बायकोला 'आमा'. १९९६ साली, नेपाळात माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं त्या वर्षी, ते पुण्याला आले आणि एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. रात्री पहारा, सकाळी गाड्या पुसायच्या. पंप चालू करणे, पंप बंद करणे, "गाडी जरा मागे घ्या", "पार्किंगमध्ये क्रिकेट नाय खेळायचं". त्यांची सगळी मराठी या असल्या वाक्यांची होती. त्यांच्या तोंडून ती ऐकताना आधी मजा वाटायची. मग हळूहळू लक्षात आलं, की एकोणीस वर्षांत त्यांच्याशी कुणी दुसरं काही बोललंच नव्हतं.

घर दोन खोल्यांचं, नवंकोरं, सिमेंटच्या ठोकळ्यांचं. जुनं तीन मजली दगड-मातीचं घर भूकंपात बसलं. सरकारकडून घर बांधायला तीन लाख नेपाळी रुपये अनुदान होतं, तीन हप्त्यांत : आधी पन्नास हजार, मग दीड लाख, मग एक लाख. पुढचा हप्ता पाहिजे तर आधीचं काम इंजिनिअरने पास करायला हवं. त्यामुळे गावात सगळीकडे सारखीच छोटी-छोटी घरं उभी राहिली होती. आमा म्हणायची, या घरात माणसं मावतात, मका मावत नाही. जुन्या घरात माळ्यावर वर्षाचा मका टांगलेला असायचा.

मुलगा कतारला, बांधकामावर. सून आणि पाच वर्षांची नात घरी. गावात वीस ते चाळीस वयाचा पुरुष शोधून सापडायचा नाही. नेपाळच्या जीडीपीचा साधारण पाव हिस्सा हा असा बाहेरून येणारा पैसा होता, हे आकडे मी आधी वाचले होते. पण आकडा वाचणं वेगळं आणि रोज संध्याकाळी सात वाजता नात मोबाईलच्या स्क्रीनला पापी देते ते बघणं वेगळं.

जेवण दोनदा. सकाळी नऊला डाळ-भात-तरकारी, रात्री परत डाळ-भात-तरकारी. मधे दुपारी खाजा म्हणजे भाजलेला मका नाहीतर चिवडा. कधीकधी ढिंडो. ढिंडो म्हणजे काय याचा मी बराच बाऊ केला होता, ताटात आल्यावर कळलं की ही आपली नाचणीची उकड! तिथे नाचणीला कोदो म्हणतात आणि मी गेलो तेव्हा तिची कापणीच चालली होती. सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं आंबटसर कालवण. आमा ताटाशी बसून "बाबु, खाऊ, खाऊ" करत वाढत राहायची. 'खाऊ' म्हणजे तिथे 'खा'. मी पहिल्या दिवशी बिस्किटं वगैरे काढणार आहे की काय म्हणून वाट बघत होतो.

भाषेच्या अशा गमती रोज. लिपी तीच, त्यामुळे बसवरच्या पाट्यांपासून शाळेच्या फळ्यापर्यंत सगळं वाचता यायचं आणि निम्मं कळायचंसुद्धा. एकदा सातवीच्या वर्गात मी फळ्यावर मराठीत 'नेपाळ' लिहिलं. पोरं शेवटच्या अक्षराकडे बघत बसली. त्यांच्या बाराखडीत 'ळ' नाहीच. ते लिहितात 'नेपाल'. म्हणजे त्यांच्या देशाचं नाव आपण ज्या अक्षराने लिहितो ते अक्षर त्यांच्याकडे नाही! वर्गातल्या पंचवीस जणांनी 'ळ' म्हणून बघितलं आणि हसून हसून वर्गाची वाट लागली.

असो. आता शाळेकडे वळू, कारण मी गेलो होतो त्यासाठी.

मूळची इमारत भूकंपात पूर्ण पडली होती. पण तो दिवस शनिवार होता. वेळ सकाळचे अकरा छप्पन. नेपाळात शनिवारी शाळेला सुट्टी. एखादा दिवस इकडे-तिकडे झाला असता तर काय झालं असतं, हे तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. हेडसरांनी मला फक्त जुन्या पायाचे दगड दाखवले आणि म्हणाले, "शनिवार." बस, एवढंच.

नव्या इमारतीत एका देणगीतून आलेले दहा डेस्कटॉप होते. मी पुण्याहून सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम स्लाईड्ससकट तयार करून नेला होता. पहिल्या दिवशी लॅबमध्ये गेलो. कॉम्प्युटरच्या मिस, पंचविशीतल्या, दारात उभ्या होत्या. हेडसरांनी त्यांना सांगितलं, आता सहा आठवडे हे सर शिकवतील. त्या "हजुर" म्हणाल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी सुरू झालो. हातवारे, विनोद, हिंदी-नेपाळी-मराठीची मिसळ. पोरं खूश, मी त्याहून खूश. चार दिवस असंच.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिसना विचारलं, "कसं चाललंय?" मला अर्थातच कौतुक ऐकायचं होतं. त्या जरा थांबल्या, मग हिंदीत म्हणाल्या, "सर, अच्छा चल रहा है। पिछले साल भी एक विदेशी सर आए थे, वो भी बहुत अच्छा पढ़ाते थे। उनके जाने के बाद एक महीना बच्चे मेरी बात नहीं सुनते थे।"

आवाजात राग नव्हता. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

विचार करा. माझ्या टीममध्ये कुणी बाहेरचा येऊन, मला मागे उभं करून, माझा कोड माझ्याच ज्युनिअर्सना सहा आठवडे समजावून सांगितला असता आणि वर "कसं चाललंय?" विचारलं असतं, तर मी काय केलं असतं? मी तर एचआरला मेल टाकली असती!

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि मिसना म्हटलं, तुम्हीच शिकवा. त्या चांगलं शिकवत होत्या. माझ्यापेक्षा चांगलं, कारण पोरांना काय येत नाही ते त्यांना माहीत होतं. त्यांची अडचण ज्ञानाची नव्हतीच. दहापैकी चार मशीन बंद होत्या, आणि हे उघडून बघायची त्यांना परवानगी नव्हती. देणगीची वस्तू, बिघडली तर कोण जबाबदार? मी 'बाहेरचे इंजिनिअर सर' होतो, म्हणून मला कुणी अडवलं नाही. मग रोज चारनंतर आम्ही दोघं आणि आठवीतली तीन उत्साही पोरं, असे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचो. दोन मशीनची रॅम काढून, पुसून परत बसवली, चालू झाल्या. दोघींचे पॉवर सप्लाय गेले होते, ते नारायणगढहून मागवले. एका मशीनवर किविक्सने ऑफलाईन विकिपीडिया टाकला, नेपाळी आणि इंग्लिश, आणि 'ई-पुस्तकालय' ही ओएलई नेपाळ या संस्थेची मोफत डिजिटल लायब्ररी बसवली. आधी मी करून दाखवलं, मग पुसून टाकलं आणि मिसनी केलं, मग पुन्हा पुसलं आणि पोरांनी केलं. स्लाईड्स शेवटपर्यंत उघडल्या नाहीत.

सहा आठवड्यांत माझ्या हातून झालेलं खरं काम एवढंच. पंचावन्न हजारांत!

त्या पैशांचं गणितही सांगतो. एकदा बांना सहज विचारलं, माझ्या राहण्याचे किती मिळतात? दिवसाला चारशे नेपाळी रुपये. भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा दर वर्षानुवर्षं ठरलेला. म्हणजे दिवसाला अडीचशे, बेचाळीस दिवसांचे साडेदहा हजार. शाळेला शून्य. बाकी साडेचव्वेचाळीस हजार कुठे गेले? वेबसाईटवर गेले असणार, चांगली होती.

आणि त्या अडीचशे रुपयांत मी काय घेत होतो, ते मला दहाव्या रात्री कळलं. दोन वाजता लघवीला उठलो, बाहेर कडाक्याची थंडी. गोठ्याशेजारी भूकंपानंतर पहिलं वर्ष काढलेली पत्र्याची टहरा अजून उभी होती. टॉर्च मारला तर आत बा झोपलेले. पाहुण्याला खोली दिली होती ती त्यांची. दुसऱ्या खोलीत आमा, सून आणि नात.

सकाळी मी तणतणलो. मी टहऱ्यात झोपतो, तुम्ही आत या. आमाने ऐकूनच घेतलं नाही. बा म्हणाले, "साहेब, पुण्यात एकोणीस वर्षं मीटर रूमच्या बाजूला झोपलो. तिथे फक्त मीटर होता. इथे म्हैस आहे. म्हैस गरम असते."

मी हसलो. मग हसू थांबलं. मीटर रूमच्या बाजूची ती खोली मला माहीत होती. आमच्याही सोसायटीत आहे. जिन्याखाली, सहा बाय आठ.

पण सगळंच गोड होतं असं समजू नका. आपण भारतीय म्हणून तिथे जातो तेव्हा कोऱ्या पाटीने जात नाही. शिक्षकांच्या खोलीत एकदा एका सरांनी चहा पिता पिता विचारलं, "भूकंपानंतर पाचच महिन्यांत नाकाबंदी का केलीत?" २०१५ च्या सप्टेंबरपासून जवळपास पाच महिने सीमेवरून इंधन, गॅस, औषधं येणं जवळजवळ थांबलं होतं. नाकाबंदी आम्ही केली नाही, मधेशी आंदोलनामुळे ट्रक अडकले, असं आपलं सरकार सांगत होतं. गोरख्यात त्यावर विश्वास ठेवणारा एकही माणूस मला भेटला नाही. पत्र्याखाली पहिला हिवाळा काढताना त्यांच्याकडे गॅस नव्हता, एवढंच त्यांना माहीत होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी "के गर्ने" म्हणालो. 'काय करणार' याला तिथे असं म्हणतात. सरांनीच विषय बदलला.

आता शेवटचा आठवडा. डिसेंबरच्या मध्यावर बातमी आली, की शंभराच्या वरच्या भारतीय नोटा नेपाळात चालणार नाहीत. त्या रात्री जेवणं झाल्यावर बा पत्र्याची पेटी घेऊन आले. कपड्याच्या तळाशी एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात जुन्या पाचशेच्या तेवीस नोटा. साडेअकरा हजार. पुण्यातून येताना आणलेली शिल्लक, त्यात कितीतरी दिवाळ्यांची बक्षिसी. २०१६ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे नोटाबंदी झाली तेव्हा ते इथे होते. गोरखा बाजारच्या बँकेत गेले, तिने घेतल्या नाहीत. दोन्ही देशांच्या बँकांची बोलणी चालू आहेत, थांबा, असं सांगितलं. ते दोन वर्षं थांबले होते.

"साहेब, तुम्ही कॉम्प्युटरवाले. पुण्यात तुमची ओळख असेल. बदलून मिळतील का?"

मी फोनवर शोधलं. मुदत कधीच संपलेली. वर २०१७ चा कायदा : अशा जुन्या नोटा दहाच्या वर जवळ बाळगणं हाच भारतात गुन्हा, किमान दंड दहा हजार. म्हणजे ज्या शहराने त्यांना ह्या नोटा दिल्या, तिथे मी त्या घेऊन गेलो तर दंड मला!

मी म्हटलं, बा, या राहू द्या, तेवढे पैसे मी देतो. त्यांनी नोटा परत पिशवीत ठेवल्या. "ते बदलणं नाही झालं साहेब. ते बक्षिसी झाली." पेटी बंद केली आणि कतारहून फोन आला म्हणून उठून गेले.

निघालो त्या दिवशी आमाने टिळा लावला आणि सॅक भरून संत्री दिली. बा जीपपर्यंत आले. सहा आठवडे सांगूनसुद्धा त्यांनी मला 'साहेब' म्हणणं सोडलं नव्हतं. जीप सुरू झाल्यावर खिडकीशी वाकून म्हणाले, "बिस्तारै जानू है, बाबु." हळू जा रे बाबा. बस.

पुण्यात आल्यावर सगळ्यात आधी, सिनेमात शोभेल अशा जोशात, मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे गेलो. त्याला आम्ही चार वर्षं 'बहादूर' म्हणत होतो. बांनाही पुण्यात सगळे बहादूरच म्हणायचे, त्यांचं नाव ते नव्हतं. मी विचारलं, "तुझं खरं नाव काय रे?" तो सावध झाला. "काय झालं साहेब? काही तक्रार आहे का?" नाही नाही, सहज. "मग बहादूरच म्हणा साहेब." नाव त्याने मला सांगितलं, पण सात महिन्यांनी, आधार कार्डासारखं काही काम निघालं तेव्हा. जिन्याखालच्या खोलीला खिडकी पाडायचा मुद्दा मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीनदा मांडला. तिसऱ्यांदा मंजूर झाला. गोरख्यात सहा आठवड्यांत जेवढं केलं, त्यापेक्षा त्या खिडकीला जास्त मेहनत पडली.

शाळेचं काय झालं विचाराल, तर मिस २०२१ मध्ये जपानला गेल्या. लॅब काही काळ त्या तीन पोरांपैकी एकाने सांभाळली. दहापैकी सात मशीन चालू आहेत, असं त्याने मला शेवटचं कळवलं होतं. मला त्याचा जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या कुठल्याही रिलीजचा झालेला नाही.

तर, टीममधल्या त्या पोराला (आणि तुमच्यापैकी ज्यांना हा आजार झालाय त्यांना) माझं म्हणणं :

१. जा. नक्की जा. पण फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा : घराला किती मिळतात, आणि शाळेला किती? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे बघा.

२. तुमचं काम तिथे आधीपासून कोण करतंय ते विचारा. त्याच्या जागी नाही, त्याच्या हाताखाली जा.

३. अनाथाश्रमात 'मुलांशी खेळायला' जाऊ नका. नेपाळात अशा ठिकाणच्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात म्हणून पोरं आणली जातात.

४. ज्यांच्या घरी राहाल ते कुठे झोपतात, ते पहिल्याच रात्री बघा. मी दहाव्या रात्री बघितलं.

५. जाण्याआधी खाली उतरून आपल्या वॉचमनशी पाच मिनिटं बोला. पंपाबद्दल नाही, दुसरं काहीतरी.

चला, भूक लागली. आज घरी डाळ-भातच आहे. आणि मी तक्रार करणार नाहीये. :-)